नखाएवढा पहारेकरी



तिरोड्याचे नाव घेतले की दोन गोष्टी डोळ्यांसमोर उभ्या राहतात. एक, दूरवर पसरलेल्या धानाच्या बांध्या. आणि दुसरी, औष्णिक वीजकेंद्राची उंच धुरांडी. या केंद्रात प्रत्येकी ६६० मेगावॉटचे पाच संच आहेत, म्हणजे एकूण शक्ती ३३०० मेगावॉट. पहिला संच २०१२ साली सुरू झाला. आता या धुरांड्यांकडून नजर खाली आणा आणि बांधीच्या कडेला पत्र्याच्या पेटीत बसवलेला पाच अश्वशक्तीच्या मोटारीचा स्टार्टर पाहा. कुठे ते अवाढव्य केंद्र आणि कुठे ही पेटी! पण दोहोंच्या पोटात एकाच जातीची वस्तू काम करीत असते. नखाएवढा काळा तुकडा, त्याला दोन्ही बाजूंनी चार-चार पाय. पाहिला तर एखादा मुंगळाच वाटावा. याला इंटिग्रेटेड सर्किट, किंवा सुटसुटीतपणे 'आयसी' म्हणतात. बाजारात 'चिप' म्हटले तरी दुकानदाराला कळते.

या चिपांच्या दोन मोठ्या जाती आहेत. एक जात हिशेब करणारी. ती संगणकात नि मोबाइलमध्ये असते आणि तिला शून्य व एक असे दोनच अंक कळतात. दुसरी जात पहारा करणारी. उष्णता वाढली का, दाब उतरला का, वीज कमी-जास्त झाली का, यावर ती डोळा ठेवते आणि वेळ येताच कळ दाबते. पहिल्या जातीचा गवगवा फार झाला आहे. आपली मोटार जळते की वाचते, हे मात्र दुसऱ्या जातीवर अवलंबून असते. म्हणून आज बोलायचे ते तिच्याविषयी.

निसर्गातल्या बहुतेक गोष्टी पायऱ्यापायऱ्यांनी बदलत नाहीत. आपल्या तालुक्यातला बोदलकसा घ्या, चोरखमारा घ्या, नाही तर गावचा जुना मालगुजारी तलाव घ्या. पावसाळ्यात त्याचे पाणी सलग चढते. काल एक हात आणि आज एकदम दोन हात, असे होत नाही. मधल्या प्रत्येक बोटावरून, प्रत्येक केसावरून ते वर येते. उष्णता, दाब, ओलावा, विजेचा दाब यांचे हेच आहे. अशा सलग बदलणाऱ्या राशीची हुबेहूब नक्कल विजेच्या दाबात करायची, म्हणजे उष्णता जशी चढेल तसा विजेचा दाब चढवायचा, याला शास्त्रात 'अॅनालॉग' म्हणतात. शब्द परका आहे, कल्पना घरचीच आहे.

पहाऱ्याची कल्पनाही घरचीच. तलावाच्या पाळीला सांडवा ठेवलेला असतो. पाणी सांडव्याच्या माथ्यापर्यंत चढले की आपोआप बाहेर पडते, आणि पाळ वाचते. रात्री कोणी कंदील घेऊन उभे राहावे लागत नाही. आपल्या भागात कोहळी समाजाच्या पूर्वजांनी जे तलाव बांधले, त्यांत ही अक्कल शेकडो वर्षांपूर्वीच वापरलेली आहे. सांडवा काय करतो? तो तुलना करतो. पाण्याची पातळी एकीकडे आणि दगडाचा माथा दुसरीकडे. पहारा करणारी चिप याहून निराळे काही करीत नाही. तिच्या एका पायावर मोजायच्या राशीचा विजेचा दाब येतो, दुसऱ्या पायावर ठरवून दिलेला दाब असतो. पहिला दुसऱ्याहून वर गेला की तिसऱ्या पायातून हुकूम सुटतो : दिवा लाव, पंखा फिरव, मोटार बंद कर. या चिपेला 'कंपॅरेटर', म्हणजे तुलना करणारी, असेच नाव आहे.

हे सारे एका दिवसात झाले नाही. पूर्वी हेच काम काचेच्या निर्वात नळ्यांकडून करून घेत. त्या दिव्यासारख्या तापत, जागा खात आणि फुटत. आपल्या महाराष्ट्रात तुर्भ्याला ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही अणुभट्टी प्रथम कार्यान्वित झाली. अणुभट्टीत पहारा चुकला तर काय होईल, हे सांगायला नको. तिच्यावर नजर ठेवणारी नियंत्रण-यंत्रणा आपल्याच तंत्रज्ञांनी, ए. एस. राव यांच्या मार्गदर्शनाखाली तयार केली होती. त्याच कामाच्या परंपरेतून पुढे १९६७ साली हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया उभी राहिली. इकडे अप्सरा सुरू होऊन दोन वर्षे झाली, तोच अमेरिकेत जॅक किल्बी यांनी १२ सप्टेंबर १९५८ रोजी पहिले इंटिग्रेटेड सर्किट चालवून दाखवले. पुढच्या वर्षी रॉबर्ट नॉइस यांनी सिलिकॉनच्या एकाच पापुद्र्यावर सगळे भाग आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा एकदमच उमटवण्याची युक्ती काढली. बॉब विडलर यांनी १९६४ मध्ये मोजमापाचे संकेत वाढवणारी चिप बनवली. १९६८ साली डेव्ह फुलागर यांची '७४१' नावाची चिप आली. तिच्यात अवघे वीस-एक ट्रान्झिस्टर आहेत. आजच्या मोबाइलमधल्या एका चिपेत ते अब्जांनी मोजावे लागतात. तरी ७४१ आजही बनते, विकली जाते आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत रोज हाताळली जाते. पहारेकऱ्याला अंगापिंडाने मोठे असण्याची गरज नसते; तो जागा असला पाहिजे आणि त्याला सीमा नेमकी ठाऊक असली पाहिजे.

सीमा ठाऊक असणे, हाच खरा प्रश्न आहे. शिक्षक बंधुभगिनींनो, हा प्रश्न मुलांना समजावा म्हणून एक सोपा प्रयोग सांगतो. सामान थोडे आणि स्वस्त आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. 'एलएम ३५' नावाची तीन पायांची चिप घ्या. ती उष्णता मोजते. दर अंशाला १० मिलिव्होल्ट या हिशेबाने दाब देते. म्हणजे खोलीत २२ अंश असतील तर ०.२२ व्होल्ट. तिचा हा दाब 'एलएम ३५८' या दुसऱ्या चिपेच्या अधिक खुणेच्या पायाला द्या. उणे खुणेच्या पायाला आपली सीमा द्यायची. त्यासाठी १०० किलोओहमचा एक रोधक आणि १० किलोओहमचा फिरता रोधक एकापुढे एक जोडून ९ व्होल्टच्या बॅटरीला लावा. फिरत्या रोधकाच्या मधल्या पायावर ०.२८ व्होल्ट येईल असे तो फिरवा. ही झाली २८ अंशांची सीमा. बाहेर येणाऱ्या पायाला १ किलोओहमच्या रोधकातून एक छोटा एलईडी दिवा जोडा. आता हिवाळ्यातल्या सकाळी एखाद्या मुलाला ती उष्णता मोजणारी चिप चिमटीत धरायला सांगा. बोटांची ऊब लागली की थोड्या वेळात दिवा लागेल. सोडली की विझेल. मुले टाळ्या वाजवतील.

पण प्रयोग इथे थांबवू नका. खरा धडा यापुढे आहे. बॅटरी वापरून वापरून उतरू द्या. ९ व्होल्टची ती ७ वर आली की काय होईल? एलएम ३५ चे माप बदलणार नाही. खोली २२ अंशांवर असेल तर ती ०.२२ व्होल्टच देईल. मात्र सीमा आपण बॅटरीतून काढली होती. बॅटरी उतरली तशी तीही उतरली. ०.२८ ला ७ ने गुणा आणि ९ ने भागा. उत्तर येते ०.२२ च्या किंचित खाली. म्हणजे २८ अंशांची खूण गुपचूप २२ अंशांच्या खाली सरकली! खोलीत काहीही झालेले नाही, कोणी चिपेला हात लावलेला नाही, तरी दिवा लागलेला आहे. पहारेकरी जागा आहे, प्रामाणिक आहे. पण आपण त्याला दाखवलेली शीव हलली. शेताच्या धुऱ्यावरचा दगड रात्रीतून सरकावा आणि दोन भावांत भांडण लागावे, तसेच हे.

म्हणून न हलणारी खूण कुठून आणायची, यावर शास्त्रज्ञांनी पुष्कळ डोके खाजवले. सिलिकॉनमध्ये एक दाब असा मिळतो की तो उष्णतेबरोबर दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. दुसरा असा मिळवता येतो की तो उष्णतेबरोबर चढतो. दोन्ही योग्य प्रमाणात मिळवले की एकाचा उतार दुसऱ्याच्या चढाने भरून निघतो आणि सुमारे सव्वा व्होल्टचा स्थिर दाब हाती येतो. १९७०च्या सुमारास विडलर यांनी ही युक्ती चिपेच्या पोटात बसवून बाजारात आणली. आज चांगल्या प्रतीच्या बहुतेक पहारा-चिपांत ही सव्वा व्होल्टची न हलणारी खूण असते. मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याची पेटी भट्टीसारखी तापते आणि डिसेंबरात दव पडते. दोन्ही वेळी सीमा तीच राहावी, यासाठी हा सारा खटाटोप.

आता बांधीकडे वळू. उन्हाळी धान ऐन निसवण्यावर आहे आणि मोटार जळली, तर काय अवस्था होते, हे मी सांगण्यापेक्षा आपणच मला सांगाल. मोटार काढायची, वाइंडिंगला न्यायची, तिथे रांग लागलेली. चार-आठ दिवस पाणी नाही. मोटार जळण्याचे एक मोठे कारण म्हणजे तीन फेजांपैकी एक जाणे. चालती मोटार अशा वेळी थांबत नाही. ती उरलेल्या दोन फेजांवर रेटत राहते आणि त्यांतून सुमारे पावणेदोन पट प्रवाह ओढते. वाइंडिंग तापते आणि थोड्या वेळात वास येतो.

यासाठी 'सिंगल फेज प्रिव्हेंटर' असतो. त्याच्या आत आपला हाच नखाएवढा पहारेकरी बसलेला असतो. त्याचे काम वाटते तितके सोपे नाही. एक फेज गेली तरी फिरती मोटार स्वतःच त्या गेलेल्या तारेवर वीज उमटवते. नुसता प्रत्येक फेजवर दाब आहे की नाही एवढे पाहणारा भोळा पहारेकरी इथे फसतो. म्हणून चांगला प्रिव्हेंटर तीनही फेजांतला असमतोल काढतो, त्याची खुणेशी तुलना करतो, आणि सीमा ओलांडली तर स्टार्टर सोडवतो. शिवाय तो काही सेकंद वाटही पाहतो. नाही तर विजेच्या प्रत्येक लुकलुकीला मोटार बंद पडायची.

आणि आपण काय करतो? मोटार दोन-तीनदा बंद पडली की म्हणतो, हा डबाच कटकट्या आहे, आणि त्याला 'डायरेक्ट' करून टाकतो. श्रोतेहो, कुत्रे रात्री भुंकते म्हणून त्याचे तोंड बांधून ठेवण्यासारखे हे आहे. प्रिव्हेंटर वारंवार मोटार सोडत असेल तर तीन कारणे संभवतात : खरोखर फेज कमी-जास्त होत आहे, तारेचा जोड ढिला आहे, किंवा प्रिव्हेंटरची सीमा चुकीची लावली गेली आहे. तिन्ही कारणे जाणत्या वायरमनकडून तपासून घेता येतात, आणि त्याचा खर्च वाइंडिंगपेक्षा कमीच होईल.

पहारेकऱ्याची आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. तो आपल्यापुरतेच पाहतो. शेतीला वीज अनेक ठिकाणी पाळीने येते, कधी रात्री. दोन वाजता अंधारात, चिखलातून, साप-विंचवाच्या वाटेने बांधीवर जायचे कोणी? म्हणून शेतकरी 'ऑटोस्विच' बसवतो. वीज आली की मोटार आपोआप सुरू. त्याला दोष देणे सोपे आहे; पण तो बसवतो तो जिवाच्या भीतीने, हेही लक्षात ठेवले पाहिजे. आता डीपीवर काय घडते ते हिशेबाने पाहू. ६३ केव्हीएचे रोहित्र सुमारे ८५ अँपिअर प्रवाह सोसते. पाच अश्वशक्तीची मोटार चालताना साडेसात अँपिअर घेते. अशा दहा मोटारी मिळून ७५. म्हणजे रोहित्राला झेपण्यासारखे. पण थेट सुरू होताना मोटार पहिले काही क्षण सहापट प्रवाह ओढते. दहाही ऑटोस्विच एकाच क्षणी जागे झाले तर मागणी होते ४५० अँपिअरची, म्हणजे शक्तीच्या पाचपटीहून जास्त! दाब कोसळतो, मोटारी नीट वेग घेत नाहीत, फ्यूज उडतात, आणि असे रोज होत राहिले की एके दिवशी रोहित्रच जळते. मग दहाही बांध्या कोरड्या. म्हणूनच महावितरण ऑटोस्विच काढा असे पुन्हा पुन्हा सांगत असते.

या दुखण्यावरचा उताराही चिपेतच आहे. '५५५' नावाची एक चिप हान्स कामेन्झिंड यांनी १९७१ मध्ये आखली. एक रोधक आणि एक धारित्र यांच्या मापाने ती ठरलेला वेळ थांबते आणि मग कळ दाबते. अशा उशिरा सुरू करणाऱ्या उपकरणाने मोटारी एकामागून एक सुरू झाल्या, तर रोहित्रावर एकदम घाव पडत नाही. पण कोणाची मोटार आधी आणि कोणाची शेवटी, हे चिप ठरवीत नाही. ते एका डीपीवरच्या दहा जणांनी एकत्र बसून, वायरमनला नि महावितरणच्या माणसाला विचारून ठरवायचे. तलावाचे तुडुम उघडल्यावर पाणी कोणाच्या बांधीत आधी जाईल, हे आपले वाडवडील असेच ठरवीत असत.

जे डीपीवर, तेच देशाच्या जाळ्यावर. वीजकेंद्रातले चक्र मिनिटाला ३००० फेरे घेते, म्हणून आपल्या विजेची कंपनसंख्या सेकंदाला ५० असते. मागणी अचानक वाढली की चक्र जड होते, फेरे किंचित घटतात. पहारा-यंत्रणा तो फरक हेरते आणि वाफ वाढवते. अशा केंद्रांत उष्णता नि दाबाची मापे दूरवरून आणण्यासाठी एक सुंदर रिवाज आहे. माप शून्य असले तर तारेतून ४ मिलिअँपिअर प्रवाह पाठवतात, आणि पूर्ण असले तर २०. शून्याला शून्यच का पाठवीत नाहीत? कारण प्रवाह खरोखरच शून्य झाला, तर त्याचा अर्थ तार तुटली, पहारेकरी पडला. 'सर्व ठीक आहे' आणि 'सांगणारा कोणी उरला नाही' या दोन गोष्टी एकसारख्या दिसता कामा नयेत. गावच्या कारभारातही हा रिवाज घेण्यासारखा आहे.

सीमा चुकीची असली की काय होते, हे देशाने ३० जुलै २०१२ रोजी पाहिले. जाळ्यावर ताण फार वाढला होता. बीना ते ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीत कोणताही बिघाड नव्हता. पण ओझे वाढलेले आणि दाब उतरलेला पाहून तिच्या संरक्षक यंत्रणेला तो बिघाडच वाटला. तिने वाहिनी तोडली आणि उत्तरेचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला, उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन जाळी कोसळली. साठ कोटींच्या आसपास लोकवस्तीचा प्रदेश अंधारात गेला. आपले पश्चिमेचे जाळे मात्र तगले. एवढ्या मोठ्या घटनेला कारणे अनेक होती. परंतु सुरुवात त्या चुकलेल्या तुलनेतून झाली.

शेवटी, धान विकायच्या वेळेची गोष्ट. आधारभूत खरेदी केंद्रावर धानाचा ओलावा १७ टक्क्यांपर्यंत चालतो. मूठभर धान यंत्रात घालतात आणि अंक पाहून सांगतात, घ्या किंवा वाळवून आणा. त्या अंकावर हंगामाची कमाई अडते. यंत्राच्या आत काय होते? पाण्यामुळे दाण्याचे विजेविषयीचे गुण बदलतात. ओल्या दाण्यातून वीज अधिक सहज वाहते, किंवा दोन पत्र्यांमध्ये तो अधिक वीज साठवतो. चिप तेवढाच फरक मोजते आणि आत भरलेल्या खुणेवरून टक्के सांगते. ही खूण दर धान्याची निराळी असते. गव्हासाठी लावलेले यंत्र धानाचे माप चुकवते. उन्हात तापलेल्या ढिगातले दाणे आणि सावलीतले दाणे यांच्या मापातही, यंत्राने उष्णतेचा हिशेब नीट धरला नाही, तर फरक पडू शकतो. म्हणून यंत्रावर रागावू नये आणि यंत्राला देवही मानू नये. नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत : यंत्र धानासाठीच लावले आहे ना? ते शेवटचे कधी तपासले? आणि ढिगाच्या दोन-तीन ठिकाणची मूठ घेऊन मोजता येईल ना? असे विचारण्यात कोणाचा अपमान नाही. जाणत्या माणसाने मापाविषयी विचारायचेच हे प्रश्न आहेत.

शिक्षक मित्रहो, उतरत्या बॅटरीचा तो प्रयोग आपल्या वर्गात अवश्य करून पाहा. दिवा खोटा का लागला, हे ज्या मुलाला उमगेल, ते मूल घरी जाऊन बापाच्या स्टार्टरची पेटी नव्या डोळ्यांनी पाहील. मात्र पेटीला हात लावायचा तो जाणत्या वायरमननेच, वीज बंद करून. हे त्याला आधी सांगून ठेवा. आणि शेतकरी बंधूंनो, उन्हाळी धानाचे पाणी सुरू होण्यापूर्वी एकदा प्रिव्हेंटर तपासून घ्या आणि आपल्या डीपीवरच्या मंडळींची एक बैठक घ्या. नखाएवढा पहारेकरी रात्रंदिवस जागा राहील. त्याची खूण खरी आहे ना, एवढे मात्र अधूनमधून आपणच पाहायचे आहे.